विसरलेल्या ग्रहाची बखर

दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी सातच्या सुमारास गावाबाहेरच्या अंधाऱ्या माळावर उभं राहून दक्षिणेकडे, जरा नैर्ऋत्येला पाहिलं, तर धनू रास मावळतीकडे झुकलेली दिसते. पूर्वाषाढा-उत्तराषाढांच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून तीस अंशांच्या आत, तिथे चौथ्या प्रतीचा एक मंद तारा आहे. नाव रुकबत. अरबीतून आलेल्या या नावाचा अर्थ आहे धनुर्धाऱ्याचा गुडघा. यादीत तो धनू राशीचा ‘अल्फा’, म्हणजे पहिल्या मानाचा तारा. प्रत्यक्षात राशीतले कितीतरी तारे त्याच्याहून ठळक आहेत. शहराच्या उजेडात तो शोधूनही सापडत नाही.

या ताऱ्याच्या तिसऱ्या ग्रहावर माणसं राहतात. तिथे ठरावीक काळानं आकाशातून रुपेरी धागे पडू लागतात. ते पडतील तिथलं गवत, झाड, जनावर, माणूस, जे जे जिवंत ते सगळं खाऊन टाकतात. त्यांना जमिनीला टेकू न देता वरच्या वर जाळण्यासाठी माणसं ड्रॅगनच्या पाठीवर बसून उडतात. ग्रहाचं नाव पर्न. त्याची पहिली बातमी पृथ्वीवर पोहोचली ती १९६७च्या ऑक्टोबरात, ‘अ‍ॅनालॉग’ या अमेरिकी मासिकातल्या ‘वेअर सर्च’ या दीर्घकथेतून. मुखपृष्ठावरचं चित्र जॉन शोनहेर यांचं होतं आणि संपादक होते जॉन कॅम्पबेल. लेखिका अ‍ॅन मॅकॅफ्री तेव्हा ४१ वर्षांच्या होत्या, तीन मुलांच्या आई.

खरा रुकबत आपल्यापासून सुमारे १८० प्रकाशवर्षं दूर आहे. रंगानं निळसर पांढरा, सूर्याच्या शंभरपटीहून अधिक तेजस्वी आणि ताऱ्यांच्या हिशेबात अगदी कोवळा. असे तारे आपलं इंधन भराभर जाळतात. ग्रहावर अरण्यं उगवायला आणि प्राणी घडायला जो अफाट वेळ लागतो, तो त्यांच्यापाशी नसतो. मॅकॅफ्रींनी नाव तेवढं खरं ठेवलं आणि ताऱ्याला सूर्यासारखा सोनेरी करून टाकलं. त्याच्याभोवती त्यांनी पुढची चौतीस वर्षं एका अख्ख्या समाजाचा अडीच हजार वर्षांचा इतिहास रचला.

हा इतिहास ज्या क्रमानं घडला, त्याच्या जवळजवळ उलट्या क्रमानं वाचकांना मिळाला. आधी दंतकथा आली, मग तिच्याखालचं सत्य. आधी गाणं, मग गाण्यातली घटना. मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये. आपल्याकडेही बखर आधी हाती आली, आणि तिच्यातलं काय खरं, काय भर घातलेलं, हे पत्रं आणि दफ्तरं तपासणाऱ्यांनी मागाहून सांगितलं. पर्नच्या बाबतीत बखरकार आणि दफ्तरं तपासणारी व्यक्ती एकच होती. आपणच लिहिलेल्या जुन्या वाक्यांचा माग काढत ती वीस-वीस वर्षांनी मागे जात राहिली.

‘वेअर सर्च’ला विज्ञानकथांसाठीचा १९६८चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, फिलिप होजे फार्मर यांच्या दीर्घकथेबरोबर विभागून. कथालेखनासाठी ह्यूगो मिळालेली पहिली स्त्री म्हणजे मॅकॅफ्री. पुढच्या वर्षी पर्नच्याच ‘ड्रॅगनरायडर’ या कथेला नेब्युला पुरस्कार मिळाला. दोन्ही कथा जोडून १९६८ साली ‘ड्रॅगनफ्लाइट’ ही कादंबरी झाली, आणि पर्नची ओळख करून घ्यायची ती अजूनही तिच्यापासूनच.

*

‘ड्रॅगनफ्लाइट’ उघडते तेव्हा पर्नवर चारशे वर्षांत धागा पडलेला नाही. तिथल्या भाषेत वर्षाला ‘टर्न’ म्हणतात, सूर्याभोवतीचा एक फेरा. चारशे टर्न म्हणजे सोळा-सतरा पिढ्या. एवढ्या काळात भीती उरत नाही, उरतो तो तिचा खर्च. माणसं डोंगराच्या पोटात कोरलेल्या दगडी ‘होल्ड’मध्ये राहतात, होल्डचा धनी त्यांच्यावर राज्य करतो आणि धान्याचा, मांसाचा, कापडाचा ठरावीक वाटा ‘वेअर’ला पोहोचवावा लागतो. वेअर म्हणजे मृत ज्वालामुखीच्या मुखात वसलेलं ड्रॅगनांचं आणि त्यांच्या स्वारांचं ठाणं. पूर्वी अशी सहा ठाणी होती. आता बेंडन हे एकच उरलंय, आणि होल्डचे धनी विचारतात की ज्या शत्रूला कुणी पाहिलंच नाही, त्याच्यासाठी ही आयतोबा मंडळी आम्ही का पोसायची?

होल्डच्या भिंतीलगत गवत वाढू द्यायचं नाही, असा जुना नियम आहे. का, ते बहुतेकांना ठाऊक नाही. दगडी अंगणात हिरवं दिसलं की उपटायचं, एवढंच ठाऊक आहे. धागा दगड खाऊ शकत नाही, पण त्याला उंबऱ्यापर्यंत यायला एक हिरवी पट्टी पुरते. नियमाचं कारण विसरलं गेलं आणि मग नियमही सैल झाला. कादंबरीतल्या पहिल्या काही पानांत अंगणातलं गवत दिसतं आणि पुढे काय होणार ते जाणत्या वाचकाच्या लक्षात येतं. पर्नच्या हजारो पानांत या गवताइतकं बोलकं दुसरं काही नाही.

कादंबरीची नायिका लेसा. रुआथा होल्डच्या धन्याच्या कुळातली ही एकटीच वाचलेली मुलगी आहे. फॅक्स नावाच्या सरदारानं तिचं घराणं कापून काढलं, तेव्हापासून ती आपल्याच वाड्यात मोलकरणीच्या वेषात, अंगाला राख-माती फासून दहा वर्षं सूडाची वाट पाहत राहते. फ्लार नावाचा ड्रॅगनस्वार तिला शोधून बेंडनला नेतो, आणि रामोथ ही सोनेरी राणी-ड्रॅगन अंड्यातून बाहेर पडताच लेसाशी जोडली जाते. या जोडणीला ‘इम्प्रेशन’ म्हणतात. ती आयुष्यभराची असते. दोघं एकमेकांच्या मनात बोलतात, आणि स्वार गेला तर त्याचा ड्रॅगनही मागे राहत नाही.

धागे पुन्हा पडणार हे फ्लारनं जुन्या नोंदींवरून आणि वेअरच्या कड्यावरच्या भोकाच्या दगडावरून ओळखलेलं असतं. एक वेअर सगळा ग्रह वाचवू शकत नाही, हेही त्याला कळतं. उरलेली पाच ठाणी चारशे टर्नांपूर्वी एकाएकी ओस पडली होती. भांडीकुंडीसुद्धा मागे नव्हती. ती माणसं कुठे गेली, हे विचारणारं एक गाणं तेवढं शिल्लक होतं. मुलं ते पाठ म्हणत आणि कुणीही ते प्रश्न म्हणून ऐकत नसे. लेसा ते प्रश्न म्हणून ऐकते. ड्रॅगन एका जागेहून दुसऱ्या जागी क्षणात जातात हे सगळ्यांना माहीत होतं. ते काळातही मागे जाऊ शकतात हे तिला नुकतंच कळलेलं असतं. रुआथाच्या दालनातल्या एका जुन्या विणलेल्या पडद्यावर त्या काळचा रुआथा जसाच्या तसा दिसतो. ते चित्र डोळ्यांपुढे धरून ती रामोथसह चारशे टर्न मागे उडी घेते आणि जिवावरच्या दुखण्यातून उठते. मग थांबत थांबत, टप्प्याटप्प्यानं, पाचही वेअर घेऊन वर्तमानात परत येते. ती ठाणी ओस पडली होती, कारण त्यांतली माणसं आपल्याच वंशजांच्या मदतीला गेली होती.

गाणं, पडदा, दगड. लिहिलेली कातडी कुजली, शाई उडाली, आणि ज्यांचा अर्थ कुणी लावत नव्हतं त्या गोष्टींनी ग्रह वाचवला.

*

मॅकॅफ्रींनी मूळ कहाणी लिहायला घेतली ती वीस वर्षांनी. ‘ड्रॅगन्सडॉन’ १९८८ साली आली. ‘ड्रॅगनफ्लाइट’च्या प्रास्ताविकात त्यांनी लिहून ठेवलं होतं की वसाहत झाल्यावर दोन पिढ्या माणसांनी, धागे जिथून येतात त्या लाल ताऱ्याकडे लक्ष दिलं नाही. ‘ड्रॅगन्सडॉन’मध्ये पहिला धागा पडतो तो माणसं उतरल्यावर अवघ्या आठ वर्षांनी. चाहते या विसंगतीवर पुष्कळ वाद घालतात, पण ती पर्नला शोभून दिसते. अडीच हजार वर्षांनंतरच्या सारांशात आठ वर्षांच्या दोन पिढ्या होणं अगदी स्वाभाविक आहे.

मूळ कहाणी अशी. मानवी जगांच्या संघाच्या सर्वेक्षण पथकानं हा ग्रह पाहून ठेवला होता. अहवालात नोंद होती ‘समांतर पृथ्वी, साधनसंपत्ती नगण्य’. या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडली की पर्न हे नाव तयार होतं. पथकाला वनस्पतींमध्ये ठिकठिकाणी चमत्कारिक गोल डाग दिसले होते, पण त्यांचा पिच्छा पुरवायला वेळ नव्हता. साधनसंपत्ती नाही म्हणजे खाणवाले इकडे फिरकणार नाहीत, हीच गोष्ट वसाहतवाल्यांना भावली. मोठ्या युद्धानं थकलेली सहा हजारांवर माणसं, युद्धातले अ‍ॅडमिरल पॉल बेंडन आणि माजी गव्हर्नर एमिली बोल यांच्या नेतृत्वाखाली ‘योकोहामा’, ‘बाहरीन’ आणि ‘ब्वेनोस आयरेस’ या तीन जहाजांतून निघाली. प्रवास पंधरा वर्षांचा, आणि परतीचा मार्ग मुद्दामच ठेवलेला नाही. प्रत्येकाला जमिनीचा तुकडा, शेतीवर आधारलेलं साधं जगणं आणि यंत्रांचा वापर गरजेपुरता, असं त्यांच्या सनदेत ठरलेलं होतं.

ही माणसं अडाणी नव्हती. अनुवंशशास्त्रज्ञ, खलाशी, पशुवैद्य, भूगर्भतज्ज्ञ असे सगळे होते, आणि बरोबर एक बोलणारा संगणकही होता. पुढच्या पिढ्यांचं अज्ञान पाहिलेला वाचक हा भाग वाचतो, तेव्हा पानापानावर त्याला हळहळ वाटते. यांनी ठेवलेली नावं तो आधीपासून ओळखतो. बेंडन हे त्याच्या लेखी डोंगरातलं एक ठाणं असतं. इथे बेंडन हा दमलेला, शेती करू पाहणारा एक माणूस निघतो.

आठव्या वर्षी धागे पडले. पहिल्या हल्ल्यात कळप गेले, शेतं गेली, उघड्यावर सापडलेली माणसं गेली. हवेत तरंगणाऱ्या वाहनांवर ज्वाला फेकणारी यंत्रं बसवून लढाई सुरू झाली, पण वाहनांचे विद्युतसंच संपत चालले होते आणि नवे बनवायला ग्रहावर काही नव्हतं. साधनसंपत्ती नगण्य!

तेव्हा लक्ष गेलं स्थानिक अग्निसरड्यांकडे. हातभर लांबीचे हे उडते जीव ग्रहाचे मूळ रहिवासी होते. ते एक विशिष्ट दगड चावून आग ओकत, क्षणात नाहीसे होऊन दुसरीकडे प्रगट होत, आणि अंड्यातून निघताना जो खाऊ घालेल त्याला लळा लावत. किट्टी पिंग या वृद्ध अनुवंशशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या पेशींवर काम करून घोड्याहून मोठा, माणसाला पाठीवर घेणारा, मनानं बोलणारा प्राणी घडवला. पहिली अंडी फुटण्याआधीच त्या वारल्या. त्यांची नात विंड ब्लॉसम हिनं काम पुढे चालवलं. पहिल्या स्वारांमध्ये होते शॉन आणि सोर्का. जहाजातून उतरले तेव्हा ही दोघं पोरंच होती, आणि खेळता खेळता अग्निसरड्यांशी त्यांचीच पहिली मैत्री झाली होती.

ड्रॅगन ही पऱ्यांच्या गोष्टीतली वस्तू मॅकॅफ्रींनी प्रयोगशाळेत आणली, आणि तिथे ती आणताना त्या काटेकोर राहिल्या. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॅक कोहेन यांच्याशी त्यांनी सल्लामसलत केली. आगीची व्यवस्था पाहा. ड्रॅगन चावतो त्या दगडातून पोटात फॉस्फीन वायू तयार होतो आणि बाहेरच्या हवेशी भेट होताच पेटतो. फॉस्फीन आपल्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. गोदामात धान्याला कीड लागू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्यांतून निघणारा विषारी वायू तो हाच. त्यात थोडी भेसळ असेल तर तो हवेत आपोआप पेट घेतो.

वसाहतीचं पहिलं गाव दक्षिण खंडात होतं. ज्वालामुखी फुटून तेही राखेखाली गेलं आणि माणसं उत्तरेच्या गुहांमध्ये सरकली. तिथला पहिला आसरा म्हणजे फोर्ट होल्ड. अडीच हजार वर्षांनी उत्तरेतल्या माणसांना दक्षिणेत आपलं मूळ गाव होतं हेसुद्धा आठवत नव्हतं.

*

धाग्यांचं मूळ असलेला लाल तारा हा खरं तर ग्रह आहे, बाहेरून भटकत येऊन रुकबतच्या ओढीत सापडलेला. सुमारे अडीचशे टर्नांनी तो पर्नजवळ येतो, मग पन्नास टर्न धागे पडतात आणि दोनशे टर्न शांतता असते. कधी ही शांतता चारशेवर जाते. केप्लरच्या नियमानं हिशेब केला तर सूर्यासारख्या ताऱ्याभोवती अडीचशे वर्षांची कक्षा म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सरासरी चाळीसपट अंतर. आपला प्लूटो याच टापूत २४८ वर्षांत फेरी घालतो. पण एवढ्या लांबट कक्षेतून आत झेपावणारा गोल आतल्या ग्रहांच्या आसपास वर्ष-दोन वर्षं फार तर रेंगाळेल. पन्नास वर्षं नाही. पर्नच्या विज्ञानातली ही सर्वांत कच्ची बाजू. नंतरच्या पुस्तकांत मॅकॅफ्रींनी ती सावरली: लाल तारा बाहेरच्या हिमढगातून जाताना तिथला माल फरफटत आणतो आणि पर्न त्या लांबलचक फरफटीतून वर्षानुवर्षं जात राहतो. धूमकेतूंच्या बाबतीत असं खरोखर घडतं. टेंपल-टटल धूमकेतू ३३ वर्षांतून एकदा येतो, पण त्यानं मागे सांडलेल्या कणांमुळे सिंह राशीतला उल्कावर्षाव दर नोव्हेंबरात दिसतो.

आकाशातून जिवंत बीजं पडतात, या कल्पनेला आपल्याकडेही एक खरा धागा जुळतो. फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९७०च्या दशकात जीवसृष्टीची बीजं धूमकेतूंबरोबर येतात असं मांडलं. ते तपासून पाहण्याच्या प्रयोगात जयंत नारळीकर पुढे होते. जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून प्रचंड फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली गेली. २००५च्या दुसऱ्या उड्डाणातल्या नमुन्यांतून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. एकीला हॉईल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. या नमुन्यांच्या तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा वाटा होता. ते जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असं सिद्ध झालेलं नाही. पण प्रश्न विचारण्याजोगा आहे असं आपल्या शास्त्रज्ञांना वाटलं, आणि त्यांनी त्यासाठी फुगा आकाशात पाठवला, ही गोष्ट पर्नच्या वाचकाला सुखावते.

*

पर्नवर इतिहास सांभाळायचं काम हार्परांचं. वीणेसारखं वाद्य घेऊन होल्डोहोल्डी फिरणारे हे शाहीर मुलांना गाण्यांतून शिकवतात: वेअरला द्यायचा वाटा, धागा पडताना काय करायचं, कुणाचं कुणाशी नातं. मॅकॅफ्री स्वतः गाणं शिकलेल्या होत्या, संगीत रंगभूमीवर वावरलेल्या होत्या आणि स्लाव भाषा-साहित्यातल्या पदवीधर होत्या. म्हणूनच त्यांच्या ग्रहावर शाहिराची जागा इतकी वरची असावी. १९७६च्या ‘ड्रॅगनसाँग’मधली मेनॉली ही कोळ्यांच्या होल्डमधली पोर. मुलीनं हार्पर होणं म्हणजे घराण्याला कमीपणा, असं म्हणून बाप तिचं गाणं बंद करतो. ती घर सोडते, समुद्रकाठच्या गुहेत नऊ अग्निसरडे वाढवते आणि शेवटी हार्परांच्या शाळेत पोहोचते. एका समाजानं काय काय गमावलं होतं, हे इथे लख्ख दिसतं. जहाजांतून आलेल्या पिढीत बाई गव्हर्नर होती, बाईनं ड्रॅगन घडवले; त्यांच्याच वारसांनी मुलीच्या हातातलं वाद्य काढून घेतलं. केवळ विज्ञान हरवलं असतं तर एक वेळ चाललं असतं.

ही शिकवणीची गाणी आली कुठून, याचं उत्तर मॅकॅफ्रींनी पहिल्या कादंबरीनंतर अठ्ठावीस वर्षांनी दिलं. १९९६ साली इंग्लंडमध्ये ‘रेड स्टार रायझिंग’ या नावानं आलेल्या कादंबरीत वसाहतीला अडीचशेच वर्षं झालेली आहेत आणि दुसरी धागेवृष्टी तोंडावर आलीय. शेवटचे संगणक विजेच्या तडाख्यानं गेलेत. क्लिसर हा शिक्षकांचा प्रमुख आपल्या सहकाऱ्यांसह बसून ठरवतो की इथून पुढे मुलांना पृथ्वीचा इतिहास शिकवण्यात हशील नाही. जगायला लागेल तेवढंच शिकवायचं, आणि तेही गाण्यांतून. आणखी एक काम त्याच्याकडे येतं: पुढची वृष्टी कधी, हे कागदाशिवाय, यंत्राशिवाय, शंकेला जागा न ठेवता सांगणारी खूण उभी करायची. म्हणून वेअरच्या कड्यावर भोकाचा दगड उभारतात. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी पहाटे त्या भोकात लाल तारा दिसला, की समजायचं. त्याच काळात बिट्रा होल्डचा धनी चाल्किन मात्र धागे येणारच नाहीत म्हणून खर्च करायला नकार देतो. विसरायला चारशे वर्षं लागत नाहीत, अडीचशेही पुरतात.

कल्पित ग्रहावरची ही युक्ती खऱ्या पृथ्वीवर कशी चालली, त्याचं उदाहरण अंगावर काटा आणतं. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ साली मोठी त्सुनामी आली होती. बेटावरच्या लोकांनी तिला ‘स्मोंग’ म्हटलं आणि ती गाण्यांत, अंगाईंत ओवली: मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला, की डोंगराकडे पळायचं. २६ डिसेंबर २००४ला भूकंपाचं केंद्र या बेटापासून जवळच होतं. पहिली लाट काही मिनिटांत आली. सुमारे ७८ हजार वस्तीच्या या बेटावर सात माणसं दगावली. पलीकडे सुमात्राच्या आचे प्रांतात लाखावर माणसं गेली. जपानमधल्या आनेयोशी गावात १९३३च्या लाटेनंतर एक शिळा उभारली होती, तिच्याखाली घर बांधू नका असं बजावणारी. २०११ची लाट शिळेच्या खाली थांबली आणि वरची घरं वाचली.

अणुभट्ट्यांचा कचरा दहा हजार वर्षं कुणी उकरू नये, हे पुढच्या माणसांना कसं सांगायचं, असा प्रश्न अमेरिकेत १९८०च्या सुमारास अभ्यासकांपुढे ठेवला होता. चिन्हशास्त्रज्ञ थॉमस सेबिओक यांनी १९८४च्या अहवालात सुचवलं की भाषा बदलतील, चिन्हं बदलतील. म्हणून दंतकथा आणि विधी यांची साखळी चालू ठेवावी आणि ती सांभाळणारा एक वर्ग असावा. हार्परांची शाळा कादंबरीत उभी राहून तेव्हा दहाएक वर्षं झाली होती.

गाणं सत्य जसंच्या तसं सांभाळत नाही, हेही मॅकॅफ्री लपवत नाहीत. मोरेटाची दौड हे पर्नवरचं लाडकं गाणं. साथीच्या रोगात औषध पोहोचवताना जीव गमावलेल्या या वेअर-स्त्रीचा आधीच्या पुस्तकांत नुसता उल्लेख येतो. १९८३च्या ‘मोरेटा’त ती प्रत्यक्ष भेटते. तापाची साथ, बरे झालेल्यांच्या रक्तातून काढलेली लस, ती एका दिवसात ग्रहभर नेण्याची शर्थ, आणि दुसऱ्याच्या म्हाताऱ्या राणी-ड्रॅगनवर बसून दमून चूर झालेली मोरेटा. शेवटच्या उडीत दोघी परत आल्या नाहीत. कारण वीरश्रीचं नाही, थकव्याचं आहे. एका क्षणाचं भान सुटलं. गाण्यात थकवा मावला नव्हता. कादंबरीनं तो परत आणला.

*

दक्षिण खंडातल्या राखेखालचं गाव पुन्हा सापडलं ते १९७८च्या ‘द व्हाइट ड्रॅगन’मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत पोहोचलेल्या पहिल्या काही विज्ञानकादंबऱ्यांपैकी ही एक. तिच्यातच आणखी एक शोध लागतो. पहाटे आणि संध्याकाळी दिसणाऱ्या, जागेवरून न हलणाऱ्या तीन ताऱ्यांना पर्नवासी ‘पहाटबहिणी’ म्हणत. दुर्बीण तयार झाल्यावर तिच्यातून पाहिलं तर ते तारे नव्हतेच. ती पूर्वजांची तीन जहाजं होती, अडीच हजार वर्षं डोक्यावर टांगलेली.

मग १९९१ साली ‘ऑल द वेअर्स ऑफ पर्न’. राखेखालच्या इमारतीतला बोलणारा संगणक, आयव्हास, जागा झालेला आहे आणि ज्या प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्या गाणी रचली गेली त्यांची उत्तरं तो शांतपणे देतो आहे. काही वाचकांना ही कादंबरी रुचली नाही. सगळं उकललं आणि गूढ गेलं, असं त्यांचं म्हणणं. पण ज्या लेखिकेनं चोवीस वर्षं विस्मरणाची किंमत दाखवली, तिनं आठवण परत येण्याचा प्रसंग टाळला असता तर ती फसवणूक झाली असती. लोहार, सुतार, हार्पर, शेतकरी वर्गात बसून शून्यापासून शिकतात. आयव्हासच्या बेतानुसार तिन्ही जुन्या जहाजांची इंजिनं शेकडो ड्रॅगन उचलून लाल ताऱ्यावर नेतात आणि स्फोटानं त्याची कक्षा कायमची वळवतात. यातले काही स्फोट भूतकाळात जाऊन घडवावे लागतात. पूर्वी शांततेचा काळ दोनदा चारशेवर का गेला, त्याचं कारण हेच निघतं. काम झाल्यावर आयव्हास स्वतःला बंद करतो. त्याच्यासमोर बसलेला म्हातारा रॉबिंटन, पर्नचा सर्वांत मोठा शाहीर, तिथेच प्राण सोडतो, आणि त्याच्या खांद्यावरचा अग्निसरडाही.

मॅकॅफ्री १९७०पासून आयर्लंडमध्ये राहत होत्या. विकलो परगण्यातल्या घराला त्यांनी ड्रॅगनहोल्ड नाव दिलं होतं. तिथेच २१ नोव्हेंबर २०११ला त्यांचं निधन झालं. त्यांचा मुलगा टॉड आणि मुलगी जीजी यांनी पर्नच्या कथा पुढे लिहिल्या. एकटीनं लिहिलेली त्यांची शेवटची पर्न-कादंबरी म्हणजे २००१ची ‘द स्काइज ऑफ पर्न’. तिच्यात धाग्यांचा शेवटचा काळ चालू आहे, आणि तो संपल्यावर ड्रॅगनांचं काय, हा प्रश्न वेअरमध्ये उघडपणे विचारला जातो आहे. अशात एक धूमकेतू समुद्रात कोसळतो. लाटा किनाऱ्याकडे निघतात आणि ड्रॅगनस्वार कोळीवाड्यांवर उतरून माणसं, पोरं, जनावरं पाठीवर घेऊन उंचावर नेऊ लागतात. पाणी ओसरल्यावर वेअरमधली तरुण माणसं दुर्बिणीतून काय पाहायचं आणि त्याची नोंद कशी ठेवायची, हे शिकायला बसतात.

दिवाळीत रात्री दहाच्या सुमारास रुकबत मावळतो.